सहज पाहणाऱ्याचा कौल

आदिलाबाद शहराच्या पश्चिमेस तलमडुगु नावाचे मंडलाचे गाव आहे. तेलंगणाच्या नकाशात ते अगदी वरच्या कडेला येते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि पश्चिमेकडे गेले की किनवटचा मुलूख. या पट्ट्यात कचेरीचा कारभार तेलुगूत, पुष्कळ घरांतील बोलणे मराठीत आणि कित्येक वस्त्यांवर गोंडी, असा भाषांचा एकत्र संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर येथील माणूसही चारचौघांसारखा घटकाभर करमणूक पाहावयास बसतो. एखादा विनोदी कार्यक्रम लागला तर हसतो. एखादा चित्रपट लागला तर शेवटपर्यंत बसून राहतो, नाही तर मध्येच उठून जातो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगतो, 'बरा होता', किंवा 'काही उमगले नाही'. त्याचे समीक्षण ते एवढेच.

नाटकाचा आणि चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटककारांची नावे टिपली, नटांची टिपली, टीकाकारांचे अभिप्रायही जपून ठेवले. या सहज पाहणाऱ्याच्या दोन शब्दांची नोंद मात्र क्वचितच झाली. तरीही करमणुकीचे दोन प्रकार असे आहेत की ज्यांचे सारे आयुष्य त्याच्याच शब्दावर अवलंबून असते. एक विनोदी खेळ आणि दुसरा स्वतंत्र चित्रपट, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळावाचून एखाद्याने स्वतःच्या ऐपतीवर व हिकमतीवर काढलेला चित्रपट. हे दोन प्रकार दोन टोकांचे आहेत, एक गर्दीचा आणि दुसरा मोजक्या जाणकारांचा, अशी समजूत आज दृढ झालेली आहे. इतिहास पाहू गेल्यास ही समजूत टिकत नाही.

३ मे १९१३ या दिवशी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आला. हिंदी चित्रपटसृष्टीचा आरंभ म्हणून ही तारीख सर्वांना पाठ आहे. परंतु त्या दिवशीच्या कार्यक्रमात चित्रपट एकटा नव्हता. त्याच्या जोडीला एका नर्तिकेचे नृत्य होते, पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ होता, एक विनोदी प्रवेश होता आणि हसविणारी आणखीही काही किरकोळ दृश्ये होती. दीडएक तासांच्या त्या खेळाचे तिकीट काढून आत गेलेल्या माणसाने हरिश्चंद्राचे सत्त्व पाहिले आणि विदूषकी चाळेही पाहिले. दोन्ही एकाच खुर्चीवर बसून. एकासाठी टाळी आणि दुसऱ्यासाठी मौन असा भेद त्याला कोणी शिकविला नव्हता. तो आपोआपच करीत होता.

फाळके यांचा हा चित्रपट शब्दशः स्वतंत्र होता. त्यांच्यामागे कोणी सावकार कंपनी नव्हती. विलायतेस जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आपले विमापत्र गहाण ठेवून कर्ज काढले आणि चित्रपटाच्या खर्चासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सरस्वतीबाईंनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, फितीला भोके पाडली, चित्रे धुण्याच्या कामातही हात घातला. आणि या उद्योगाचे मूळ कोठे होते? १९११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहात असता फाळके यांच्या मनात आले की आपले राम-कृष्ण पडद्यावर असे कधी दिसणार? त्या क्षणी ते निर्माते नव्हते, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक होते. भारतीय चित्रपटाचा पहिला धागा असा एका प्रेक्षकाच्या मतातून निघालेला आहे.

पुढे हाच चित्रपट सुरतेस गेला तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाशी गाठ पडली. पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले. तेथील लोकांचा हिशेब सरळ होता. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहावयास मिळत असता दीड तासाच्या खेळासाठी तीन आणे कोण मोजील? फाळके यांनी या मताचा राग धरला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सारे तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी दिली आणि उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले. सहज पाहणाऱ्याचे मत पुष्कळदा असे खिशातून बोलत असते. ते अडाणीपणाचे मानून चालत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

चित्रपट येण्यापूर्वी मराठी मुलखात विनोदाचा निवाडा कसा होत असे, हेही पाहण्याजोगे आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या खेळांत सूत्रधाराशी वाद घालून हसविणारा विदूषक होता. तमाशात तेच काम सोंगाड्याकडे असे. पुढे पौराणिक नाटकानंतर फार्स करण्याची पद्धत पडली. गोविंद बल्लाळ देवलांनी फ्रेंच नाटककार मोल्येरच्या प्रहसनावरून रचलेले नाटक १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' या रूपात रंगभूमीवर आले आणि फाल्गुनरावाच्या संशयावर महाराष्ट्र आजतागायत हसत आहे. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. सोंगाड्याने वाक्य फेकले की त्याचा निकाल तेथल्या तेथे लागे. हशा उठला तर वाक्य राहिले. लोक गप्प बसले तर दुसऱ्या गावी ते गाळले जाई. प्रेक्षक न बोलता लेखनात भाग घेत असे.

आदिलाबादच्या प्रदेशात याचे आणखी जुने रूप नांदत आहे. दिवाळीच्या दिवसांत राजगोंडांची दंडारी पथके गावोगाव जातात. मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी त्या पथकांत नाचतात. त्यांना देवत्वाचा मान असतो आणि त्यांच्या हावभावांची गंमतही गाव घेते. मार्लवाईचे कनकराजू यांना या नृत्याच्या सेवेबद्दल २०२१ चा पद्मश्री किताब मिळाला. पूज्यभाव आणि हसू एकाच रिंगणात उभे राहू शकतात, ही गोष्ट या भागातील माणसाला कोणी पुस्तकातून सांगण्याची आवश्यकता नाही.

चित्रपटाने मात्र हा व्यवहार बदलला. फितीवर एकदा उमटलेले वाक्य प्रेक्षक हसला नाही म्हणून बदलता येत नाही. नट समोर नसतो, हशा त्याच्या कानांवर जात नाही. मोठ्या कंपनीचा एक चित्रपट पडला तर दुसरा तिला तारून नेतो. स्वतंत्र निर्मात्याचे घरदार त्या एकाच फितीत गुंतलेले असते. शिवाय विनोदी चित्रपटाचा निकाल पहिल्या खेळालाच कळतो. गंभीर, संथ चित्रपटाची कीर्ती तोंडोतोंडी पसरावयास दिवस लागतात. तेवढे दिवस तो चित्रगृहात टिकला तरच सहज पाहणाऱ्याला त्याच्याविषयी मत देण्याची संधी मिळते. स्वतंत्र चित्रपटाची खरी अडचण येथे आहे, लोकांच्या अभिरुचीत नव्हे.

१९७१ हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी दोन मराठी चित्रपट आले. एक होता सत्यदेव दुबे यांनी विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून काढलेला 'शांतता! कोर्ट चालू आहे'. त्याचे छायाचित्रण गोविंद निहलानी यांनी केले होते आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे त्यात होती. स्वतंत्र, प्रायोगिक चित्रपटांच्या यादीत त्याचे नाव नेहमी घेतले जाते. दुसरा होता दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या'. त्याचे नाव त्या यादीत कोणी घालीत नाही. वस्तुतः कोंडके हेही तेव्हा कोणा बड्या कंपनीचे नट नव्हते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात गावोगावच्या प्रेक्षकांनी त्यांना घडविले होते, आणि त्याच सबनीसांच्या कथेवर त्यांनी स्वतः निर्माता होऊन हा चित्रपट काढला.

दादरच्या कोहिनूर चित्रगृहात जागा मिळण्याची वेळ आली तेव्हा समोर देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' उभा राहिला. कोंडके बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक रस्त्यावर आले आणि 'सोंगाड्या' पडद्यावर लागला. पुढे त्याने जे यश मिळविले ते सर्वश्रुत आहे. कोंडके यांच्या एकापाठोपाठ एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. या प्रसंगाकडे राजकारणाच्या अंगाने पुष्कळांनी पाहिले आहे. प्रेक्षकाच्या अंगाने पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. ज्या चित्रपटावर लोक पुढे तुटून पडले, तो चित्रपट पाहण्याची संधीच त्यांना मिळते की नाही, असा प्रसंग आला होता. त्यांचे मत चांगले होते की वाईट हा प्रश्न नंतरचा. मत देण्यासाठी आधी पडदा हवा होता. दुबे यांच्या चित्रपटालाही तोच पडदा हवा होता, पण त्याच्यासाठी रस्त्यावर येणारे कोणी नव्हते.

विनोदकार आणि गंभीर चित्रपट यांचे हाडवैर नाही, याची साक्ष पुढेही मिळत गेली. डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्याचे निर्माते रामदास फुटाणे हे पुढे आपल्या उपरोधिक कवितांनी सभा हसविणारे कवी म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला २००३ या वर्षाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि तो ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हा परदेशातील प्रचाराच्या खर्चासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. आणि २००९ साली परेश मोकाशी यांनी फाळके यांच्या धडपडीवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला तो चक्क हसतखेळत. दागिने गेल्याची, डोळे अधू झाल्याची कथा त्यांनी करुण करून सांगितली नाही आणि प्रेक्षकाला ती कमी भिडली असेही झाले नाही.

दरम्यान करमणूक घरात शिरली होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने दिवाणखान्यात आले. नंतर खाजगी वाहिन्या निघाल्या. 'फू बाई फू', २०१४ साली सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या', २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' अशा कार्यक्रमांनी गावोगावच्या नटांना नाव मिळवून दिले. नवे चित्रपट काढणारे आपल्या मंडळींसह या विनोदी मंचावर येऊन बसू लागले. १९१३ साली कॉरोनेशनमध्ये विनोदी प्रवेश चित्रपटाच्या जोडीला उभा होता. शंभर वर्षांनी चित्रपट विनोदाच्या दारी उभा राहिला.

या कार्यक्रमांविषयी सहज पाहणाऱ्याच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. पुरुषाला लुगडे नेसविले की झाला विनोद. कोणाच्या काळ्या रंगावर, कोणाच्या लठ्ठपणावर किती दिवस हसावयाचे. परीक्षकांच्या खुर्च्यांतून येणारे हसू खरे की बेतलेले? यातील शेवटची तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने साठविलेला हशा हवा तेव्हा वाजविणारे यंत्र तयार केले आणि दूरचित्रवाणीवरील विनोदाला त्याची सवय लागली. सोंगाड्याच्या काळी प्रेक्षकाजवळ न हसण्याचा अधिकार होता आणि त्या अधिकाराच्या धाकाने विनोद सुधारत असे. आयते हसू वाजू लागल्यावर घरातला माणूस गप्प बसला काय आणि हसला काय, कार्यक्रमाला त्याच क्षणी त्याची वार्ता लागत नाही.

हसण्याचा हा प्रश्न एका स्वतंत्र चित्रपटानेच फार सूक्ष्मपणे दाखविला आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ साली व्हेनिसला पारितोषिके मिळविली आणि त्याच वर्षाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळविले. त्यात सरकारी वकील असलेली एक मध्यमवर्गीय बाई सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह मराठी नाटकास जाते. रंगमंचावर परप्रांतीय तरुणाची टर उडविली जाते आणि प्रेक्षागृह खळखळून हसते. चित्रपट कोणालाही दोष देत नाही. फक्त हसणारे चेहरे पाहू देतो. मुंबईतील प्रेक्षकाला या प्रसंगात आपले शेजारी दिसतील. तलमडुगूच्या मराठी माणसाची स्थिती याहून अवघड आहे. भाषेने तो त्या हसणाऱ्यांतला आहे. राज्याच्या हिशेबाने मात्र मुंबईस गेला तर परप्रांतीय ठरणारा तोच आहे. कोणावर हसावे आणि कोठे थांबावे, याविषयी त्याचे मत ऐकण्यासारखे झाले असते.

पण हा चित्रपट त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने जावा? 'कोर्ट' एप्रिल २०१५ मध्ये चित्रगृहांत लागला. त्याच महिन्यात बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपटांस मोक्याची वेळ द्यावी असा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. हा निर्णय पैनगंगेच्या काठाशी थांबतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाची भाषावार वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर भाग मुंबई राज्यात गेले; नांदेड जिल्ह्यातील मुधोळ-भैंसाकडील भाग तेलुगू राज्यात राहिला. तलमडुगु अलीकडेच राहिले. रेघ ओढणे भागच होते. पण रेघेच्या दोन्ही अंगांना सोयरीकसंबंध असलेली कुटुंबे राहिली. उपग्रहावरून येणारा विनोदी कार्यक्रम ही रेघ सहज ओलांडतो, चित्रगृहांचा नियम ओलांडीत नाही. त्यामुळे सीमेवरील प्रेक्षकाच्या वाट्याला मराठीचे हसू भरपूर आले आणि मराठीचे मौन फारसे आले नाही. त्यावरून त्याला केवळ विनोदच रुचतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्याच्या ताटात एकच पदार्थ वाढला, त्याच्या आवडीनिवडीची चिकित्सा करण्यासारखे आहे.

हा निष्कर्ष किती उथळ आहे हे त्याच्याच राज्यात, दुसऱ्या भाषेत, दिसून आले. 'जबरदस्त' हा तेलुगू दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्यात एका चमूचे नेतृत्व करणारा वेणू येल्दंडी हा नट लोकांना ठाऊक झाला. या विनोदी नटाने २०२३ साली 'बलगम' नावाचा लहान खर्चाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याचा विषय मृत्यूचा. गावातील एक म्हातारा मरण पावतो. कावळा पिंडाला शिवत नाही. दुरावलेले भाऊबंद अकराव्या दिवसापर्यंत एकमेकांचे मन ओळखावयास लागतात. त्यात हसविणारे प्रसंग आहेत आणि शेवटी पाहणाऱ्याचा कंठ दाटून येतो. पिंडाभोवती उभे राहून कावळ्याची वाट पाहणे मराठी घरांनाही तितकेच परिचित असल्याने सीमेवरील माणसाला त्यासाठी भाषांतराची गरज नव्हती.

या चित्रपटाचे पुढे जे झाले ते महत्त्वाचे आहे. तेलंगणातील अनेक गावांत लोकांनी स्वतः होऊन मोकळ्या जागेत मोठा पडदा उभारला आणि सारे गाव एकत्र बसून तो पाहू लागले. चित्रगृह नसलेल्या गावानेही आपला पडदा निर्माण केला. अबोला धरलेले भाऊ चित्रपट पाहून एकमेकांशी बोलू लागल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या. ज्या माणसाला लोक विनोदी कार्यक्रमात पाहून हसले होते, त्याच माणसाने सांगितलेल्या मरणाच्या गोष्टीला त्यांनी डोळे पुसत मान दिला. १९१३ च्या कॉरोनेशनमधील प्रेक्षक आणि २०२३ मधील गावच्या पटांगणातील प्रेक्षक यांच्यात एकशे दहा वर्षांचे अंतर आहे. हसणे आणि गंभीर होणे यांतला भेद दोघांनीही आपापला केला.

मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी शहरातील रसिकाला चित्रपट पाहावयाचा कसा हे शिकविले, आणि ते मोलाचे कार्य होते. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा चित्रपटही २०२१ पासून कोणालाही घरबसल्या पाहता येतो, वर्गणी भरण्याची ऐपत मात्र हवी. वाट थोडी मोकळी झाली आहे. परंतु एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाचे मत एकट्यापाशीच राहते. ते बोलके होण्यासाठी चार माणसे शेजारी लागतात. पंचायतीच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, महिन्यातून एकदा एक हसविणारा खेळ आणि एक संथ चित्रपट जोडीने दाखविण्यास फार मोठा खर्च येत नाही. 'बलगम'च्या वेळी तेलंगणातील गावांनी तो वर्गणी काढूनही भागविला असता, इतकी त्यांची हौस होती.

तसे झाले तर तलमडुगूचा माणूस खेळ संपल्यावर घरी जाताना शेजाऱ्याला काय सांगेल, हे आज कोणास ठाऊक नाही. कदाचित हसविणारा खेळ त्याला फिका वाटेल, कदाचित संथ चित्रपट कंटाळवाणा वाटेल. दोन्ही पाहून 'बरा होता' म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे. आणि सुरतेच्या त्या तीन आणे वाचविणाऱ्या प्रेक्षकाला फाळके यांनी जसे मनावर घेतले, तसे त्यालाही कोणी तरी मनावर घेतले पाहिजे.